सहादेवाच्या गिटारीचा उन्हाळा

चिंचवाडी, ता. पाथर्डी
४ एप्रिल

सहादेव,

तुझी गिटार माझ्या घरात आहे. मी आणलेली नाही, आमच्या कारभारणीनं, छबूनं आणली. तुम्ही लेकीकडे, ज्योतीकडे राजूरला राहायला गेलात तेव्हा पुष्पावहिनी तुमच्या घराची किल्ली तिच्याकडे देऊन गेल्या होत्या, तुळशीला पाणी घालायला. परवा दुपारी पाणी घालून ती सहज आत डोकावली. गिटार पश्चिमेच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली. वर पत्रा, मागं उन्हानं भाजलेली वीट. छबूनं तिच्या पोटाला हात लावला आणि मागे घेतला.

"तव्यावानी तापली हुती," असं ती मला म्हणाली. "तान्ह्या लेकराला असं सोडून जात्यात का कुनी?"

मग तिनं ती पदराखाली घेतली आणि भर दुपारी वाडीतून चालत आणली. आता ती माझ्या पुस्तकांच्या कपाटाला टेकून उभी आहे. मी इकडे वाचत बसलो की ती माझ्याकडे बघते, असं वाटतं. तुझीच सवय तिला.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगतो. कारखान्याच्या निवडणुकीत तू चेअरमनच्या पॅनलसाठी गाणी गायलास. ज्या गळ्यानं आपण ऊसतोडणी मजुरांच्या मोर्च्यात लोक उभे केले, त्याच गळ्यानं. मी घोडेगावच्या बाजारात भर सभेत तुला 'भाड्याचा गळा' म्हणालो, आणि आज पुन्हा सभा झाली तरी तेच म्हणेन. आपण त्या दिवसापासून बोलत नाही, त्याला हा दुसरा उन्हाळा.

पण गिटारीनं कोणाचा प्रचार केला नाही. त्या निवडणुकीत तू पेटीवर गायलास, हे मी लक्षात ठेवलं आहे. म्हणून तिच्याबद्दल विचारायला मला कमीपणा वाटत नाही.

प्रश्न असा आहे. आपल्या कलापथकात हलगी होती. ती शेकल्याशिवाय बोलायची नाही. रद्दी पेटवून तिच्यावर हलगी धरायचं काम माझंच होतं. तेव्हा माझी समजूत अशी की वाद्याला ऊब मानवते. मग छबू म्हणते तसं हिला ऊन बाधतं का? कातड्याला जे चालतं ते लाकडाला का चालू नये? इतकी वर्षं तू माझ्या शेजारी बसून ती वाजवलीस आणि मी एकदाही विचारलं नाही, कारण पुढचं भाषण माझं असायचं.

उत्तर दे. भांडण वेगळं ठेव.

बन्सी


चिंचवाडी
११ एप्रिल

सहादेव,

तुझं उत्तर पुष्पावहिनींनी छबूला फोनवर सांगितलं: "ते म्हनत्यात, व्हती तिथंच टांगून ठिवा."

टांगणार नाही. तू रागात बोललास, आणि रागातल्या माणसाच्या मालमत्तेचं रक्षण त्याच्यापासूनही करावं लागतं.

मी वाचायला घेतलं आहे. नगरच्या वाचनालयातून लाकूडकामावरचं एक पुस्तक आणलं, बाकी मोबाईलवर शोधलं. डोळे दुखेपर्यंत वाचलं आणि माझी हलगीची समजूत मुळापासून उखडली गेली. कातडं तापलं की आखडतं, ताणलं जातं, आवाज उघडतो. लाकूड तापलं की त्यातली ओल जाते, ते आक्रसतं, आणि ज्या सरसानं तुझ्या गिटारीचे तुकडे एकमेकांना धरून आहेत तो सरस मऊ पडतो. म्हणजे एकीकडून फळी ओढ खाते आणि दुसरीकडून पकड सुटते. याला आपल्या भाषणात मी काय म्हणालो असतो ते तुला माहीत आहे. इथे आवरतो.

मग मी प्रयोग केले. शेवगावच्या सत्कारात शाल-श्रीफळाबरोबर भिंतीवरचं एक तापमापक मिळालं होतं. सत्काराची वस्तू पहिल्यांदाच कामाला आली. ते मी घरभर हिंडवलं. पत्र्याखालच्या पोटमाळ्यावर दुपारी ते सत्तेचाळीसच्या वर गेलं. तुमच्या भिंतीवर याहून कमी नसणार. पलंगाखाली फरशीवर बरं, पण दारातून झळ येते. कांद्याच्या चाळीत हवा खेळती असते म्हणून तिथं टांगून पाहिलं, तर वारा गरमच, शिवाय छबूचं म्हणणं पडलं की गिटार परत मिळाल्यावर तू तिला भाजी समजशील.

त्यानंतर मी एक चूक केली. तिला कूलरपुढं ठेवली. छबू स्वयंपाकघरातून बाहेर आली, घाम पुसत उभी राहिली आणि म्हणाली, "ती कूलरम्होरं आन मी चुलीम्होरं. बरं हाय. पुढच्या जल्मी गिटारच व्हते."

तिचा टोमणा बाजूला ठेवला तरी प्रयोग फसला. कूलर ओली हवा फेकतो. संध्याकाळी मी तार छेडली तर आवाज गोधडीतून आल्यासारखा. कोरडेपणा वाईट आणि ओलावाही वाईट. तिला हवा असतो मधला मार्ग. मला आयुष्यात मधला मार्ग कधी जमला नाही, आणि तो मी एका लाकडाच्या पेटीसाठी शोधतो आहे.

शेवटी जागा सापडली. आमची मागची माळवदाची खोली. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर मातीचं धाबं. मी ती पाडून सिमेंटची करणार होतो, छबूनं पाडू दिली नाही, बियाणं ठेवायला हवी म्हणून. बाहेर भाजत असताना आत तापमापक चौतीसवर थांबलं. तिथं गिटार जुन्या सतरंजीत गुंडाळून, भिंतीपासून सुटी, आडवी ठेवली आहे. साबणाच्या डबीला भोकं पाडून आत ओला स्पंज, आणि ती डबी सतरंजीच्या घडीत, लाकडाला लागणार नाही अशी. हा उपाय वाचलेला आहे, माझा नाही. श्रेय घेत नाही.

एक विचारायचं राहिलं. तुम्ही राजूरला अजून किती दिवस? ज्योतीची बदली तिथं झाली हे कळतं. पण तू, ज्याला वाडीच्या पारावरून उठवायला जेवणाची वेळ टळून जावी लागायची, तो डोंगरात एवढा कसा रमलास? वहिनी म्हणाल्या, हवा मानवते. आत्तापर्यंत तुला इथलीच हवा मानवत होती.

बन्सी


चिंचवाडी
१७ एप्रिल

सहादेव,

एक शोध लागला, आणि तो तुलाच सांगण्यासारखा आहे, कारण बाकी कोणाला सांगितला तर माझं डोकं उन्हानं तापलं असं म्हणतील.

पाण्याच्या टँकरवर तिसगावला सभा आहे. घरात पाठ करायला गेलो की छबू टीव्हीचा आवाज वाढवते, म्हणून मी माळवदाच्या खोलीत दार लावून बोलून पाहिलं. मध्ये थांबलो, तर खोलीत अजून कोणीतरी बोलत होतं. बारीक, मधमाशीसारखं. सतरंजी सोडून पाहिलं तर तुझ्या गिटारीची एक तार थरथरत होती. हात कोणी लावला नव्हता. मी पुन्हा तेच वाक्य तसंच म्हणालो. ती पुन्हा बोलली. मग मी पूर्ण भाषण तिच्यापुढं करून पाहिलं. जिथं मी आवाज चढवून ओरडतो तिथं ती गप्प. जिथं आवाज खाली येऊन एका जागी ठरतो तिथं ती साथ देते. सभेत टाळ्या बरोबर उलट ठिकाणी पडतात. यावर मी विचार करतो आहे. तुला हे माहीत होतं का? कलापथकात मी बोलत असताना ती तुझ्या मांडीवर असायची. तेव्हाही बोलायची का?

आता वाईट बातमी.

तारा जिथं पोटावर बांधलेल्या असतात ती लाकडी पट्टी, तिला घोडी म्हणतात ना, ती मागून उचलली जाते आहे. तुमच्या भिंतीवर तापली तेव्हाच सरस सुटायला लागला असणार. मी तिच्याखाली पोस्टकार्डाची कड सरकवून पाहिली. गेली. मी वाचलं की सहा तारांची मिळून ओढ एका धडधाकट माणसाच्या वजनाएवढी असते. म्हणजे त्या एवढ्याशा पट्टीला एक माणूस अहोरात्र लोंबकळतो आहे, आणि पट्टीखालचा सरस मऊ झालेला. उपाय सगळीकडे एकच दिला आहे: कडक उन्हाळ्यात तारा सैल करा. पट्टी एकदा उपटली की वरची फळीही फाटू शकते, मग दुरुस्तीलाही अर्थ राहत नाही.

मी खुंटीला हात घातला तेवढ्यात दारात मच्छिंद्र. भजनी मंडळातला, तुझा विणेकरी. बियाणं मागायला आलेला.

"काय करताय, बन्सीभाऊ?"

"तारा उतरवतोय. उन्हानं ताण पडतो."

त्याचा चेहरा पडला. "सहादेवभाऊची? माणूस जित्ता हाय ना?"

तुला आठवण करून द्यायला नको. वाडीत भजनातला माणूस गेला की तिरडी उचलायच्या आधी त्याच्या वीणेची तार उतरवतात. तुझ्या वडिलांची तूच उतरवली होतीस, मी शेजारी उभा होतो. वाजवणारा जिवंत असताना दुसऱ्यानं त्याची तार उतरवायची नाही.

मी मच्छिंद्रला तिथंच उभा करून भाषण दिलं. वीणा आणि गिटार यांतला फरक, रूढी आणि कारण यांतला फरक, सरस कशाचा बनतो तेही. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुमचं समदं खरं हाय. पर उतरवू नका."

छबू मागून आली. तिनं तर ऐकूनही घेतलं नाही. "माझ्या घरात त्यांची तार उतरायची न्हाई. मोडली तर मोडू द्या."

आयुष्यभर मी याच गोष्टींवर लोकांना चार शब्द सुनावले. अंगात येणारे, लिंबू कापणारे, सगळ्यांना भर चौकात उघडे पाडले. माझ्याच घरात एका खुंटीवरून मी हरणार नाही. छबू उद्या माहेरी भाचीच्या साखरपुड्याला जाते आहे. उद्या उतरवतो.

बन्सी


चिंचवाडी
२२ एप्रिल

सहादेव,

तारा उतरवल्या नाहीत.

सभा होती. मग तिसगावचे लोक घरी आले. मग कांदा भरायला मजूर आले, त्यांच्यामागं उभं राहावं लागलं. काल वेळ होता, पण काल वीज नव्हती आणि खोलीत अंधार. ही सगळी कारणं खरी आहेत.

घोडीखाली आता दोन पोस्टकार्डं जातात.

आज सकाळी छबू माहेरून आली ती थेट माझ्यासमोर येऊन बसली. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. तिच्या आत्येबहिणीचा मुलगा नाशिकच्या एका दवाखान्यात कामाला आहे. त्यानं तुझं नाव तिथं पाहिलं. छबूनं लगेच पुष्पावहिनींना फोन लावला आणि वहिनी रडल्या. सोमवारी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. राजूरची हवा, ज्योतीकडचा मुक्काम, सगळं त्यासाठीच. जानेवारीपासून दम लागत होता. तू सगळ्यांना बजावलंस, "बन्शाला कळता कामा न्हाई."

का रे? मी येऊन भाषण करेन म्हणून?

केलं असतं.

आता ऐक. छबू गेल्यावर दुसऱ्याच दिवशी मी खोलीत गेलो होतो. उजेड होता, वेळ होता, मजूर जेवायला गेले होते. जाड तारेच्या खुंटीला मी हात लावला. ती फिरवायची एवढंच. मी स्वतःला सांगितलं की लाकूड आणि लोखंड यांच्यापलीकडे इथं काही नाही, आणि ते खरंच आहे. तरी बोटं वळली नाहीत. तेव्हा मला ऑपरेशनचं माहीतही नव्हतं. आता माहीत आहे, आणि आता तर मी त्या खोलीत जातच नाही. दारातून बघतो.

याचा अर्थ मी बदललो असा काढू नकोस. मी ते तत्त्वाच्या अंगानं तपासून पाहिलं आहे. वस्तू तुझी आहे. तिच्यात बदल करायचा तर मालकाची परवानगी हवी. तू फक्त 'होती तिथं टांगा' एवढं म्हणालास. म्हणजे परवानगी नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वाद्याला हात लावणं हे अन्यायाचं आहे. मुद्दा साधा नागरी हक्काचा आहे.

म्हणून विचारतो. पण वहिनींकडून निरोप नको, ज्योतीकडून मेसेज नको. तुझ्या तोंडून हवं. 'बन्सी, उतरव,' एवढंच. तुझ्या आवाजात. लवकर सांग. ऊन वाढतं आहे, आणि घोडी रविवारपर्यंत टिकेल असं मला वाटत नाही.

हे पत्र स्पीड पोस्टानं टाकतो.

बन्सी


संगमनेर बसस्थानक
२६ एप्रिल

सहादेव,

राजूरकडं जाणाऱ्या अकोल्याच्या गाडीला वेळ आहे. तोवर लिहितो. कालचं सगळं तुला माहीत आहे, पण तुझ्या बाजूनं. आमच्या बाजूनं काय दिसलं ते सांगतो.

संध्याकाळी छबूच्या मोबाईलवर ज्योतीचा व्हिडिओ कॉल आला. त्यात तू. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली. मी एवढे दिवस काय काय बोलायचं ठरवलं होतं. मी घसा साफ केला. तू म्हणालास, "वक्ते, पत्र पोचलं. आन ती गिटार."

छबूनं मोबाईल धरला. मी गिटार मांडीवर घेतली.

"हात थरथरतोय का रं?"

"मोबाईल हलतोय. छबू हलवतेय."

"म्या न्हाई हलवत," छबू म्हणाली.

मग तू म्हणालास, "बन्शा, उतरव. जाड तारेपासून. हळू फिरव, एकदम सोडू नको."

मी खुंटी फिरवली. तिचा आवाज जांभई दिल्यासारखा खाली खाली आला. मी थांबलो. तू पडद्यातून डोळे बारीक करून विचारलंस, "हाय का मी?"

"हायस."

"मंग पुढची."

प्रत्येक तारेला तू तेच विचारलंस आणि मी तेच उत्तर दिलं. चौथ्या तारेला छबू पदर तोंडाशी धरून हसायला लागली, आणि तुला हसताना दम लागला, तेव्हा वहिनींचा ओरडण्याचा आवाज आला. सहावी तार सैल झाली तेव्हा घोडी पाव नखभर खाली बसली. सगळी नाही, पण बसली. आज हातात घेशील तेव्हा दिसेलच.

नंतर तू म्हणालास, "आता ते भाड्याच्या गळ्याचं माघारी घे." मी म्हणालो, तारा उतरवल्यात, शब्द उतरवलेला नाही. यावर तू जे म्हणालास ते रात्रभर माझ्या डोक्यात आहे. "दोन वरसं तू मला सांगतोयस. एकदा तरी इचारलंस का, का गायलो?"

नाही विचारलं. वाद्याला ऊन का बाधतं ते मी महिनाभर शोधलं. हे शोधायचं सुचलं नाही.

फोन ठेवल्यावर घरात पेच उभा राहिला. छबू म्हणाली, "उतरवल्याली तार तशी ठिवून त्यांना दवाखान्यात न्यायचं न्हाई. सोमवारच्या आधी चढाया पायजे, आन त्यांच्याच हातानं." मी तिला सगळं पुन्हा समजावलं. डॉक्टर, हृदय, लोखंडाची तार, कशाचा कशाशी संबंध नाही. वर हेही सांगितलं की घोडी चिकटवल्याशिवाय तारा पुऱ्या चढवायच्याच नसतात.

"थोड्या चढवू द्या. वाजण्यापुरत्या."

म्हणून पहाटेची पहिली गाडी धरली. मी हे तुझ्यासाठी करतोय छबू, असं तिला निघताना सांगितलं. ती गिटारीवर गोधडीची गाठ मारत होती. म्हणाली, "व्हय व्हय. माझ्यासाठीच."

दुसरी अडचण माझ्या शब्दाची होती. त्याच घोडेगावच्या सभेत मी जाहीर केलं होतं की सहादेवाच्या घराचा उंबरा पुन्हा ओलांडणार नाही. राहुरी येईपर्यंत मी त्यावर विचार केला. राजूरचं घर ज्योतीच्या नावावर मिळालेलं सरकारी क्वार्टर आहे. तो तुझा उंबरा नाही. माझा शब्द शाबूत आहे.

प्रवासात तिला जपलं आहे. कंडक्टर म्हणाला, "मामा, ठिवा की बॉनेटवर." मी म्हणालो, बॉनेटवर भाकरी भाजेल. खिडकीला ऊन आलं की मी जागा बदलत होतो, त्यावरून मागच्या बाईनं विचारलं, "बाबा, काय हाय गोधडीत? आजारी मानूस हाय का?"

"गिटार आहे."

"तुमी वाजवता?"

"नाही. मी बोलतो."

तिनं माझ्याकडे आणि गोधडीकडे पाहिलं आणि आपली पिशवी मांडीवर ओढून घेतली.

गाडी लागली. हे पत्र पोस्टात टाकत नाही. दारात उभा राहून तुझ्या हातात देईन. तू आधी तारा चढव, वाजण्यापुरत्या. मग हे वाच. मग का गायलास ते सांग, मधे न थांबता. तोवर मी एक शब्द बोलणार नाही.

फार वेळ लावू नकोस. मला सवय नाही.

बन्सी